घरातल्या दहा मीटर सरावासाठी छर्ऱ्यांचा सापळा : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

मुलीच्या एअर रायफलच्या सरावासाठी घरातली लांब मार्गिका आज नव्याने मोजली. एका टोकाच्या दारापासून दुसऱ्या टोकाच्या भिंतीपर्यंत ११.६ मीटर अंतर भरले. नेमबाजाची रेषा आणि लक्ष्याचा कागद यांच्यामध्ये नियमाचे पूर्ण १० मीटर ठेवूनही सापळ्याला आणि नेमबाजाला उभे राहण्यापुरती जागा उरते, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो कागदाच्या मागे ठेवलेल्या पेटीचा.

दोन महिने आम्ही चिंध्या ठासून भरलेली एक लाकडी पेटी वापरत होतो. ती आज उघडली. चिंध्यांच्या मधोमध बोटभर रुंदीचा सरळ बोगदा पडला होता, मागच्या प्लायवूडला पोक आले होते आणि दोन छर्रे प्लायवूड भेदून भिंतीच्या गिलाव्यात रुतले होते. याचे कारण विचार केल्यावर स्पष्ट झाले. दहा मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचे वर्तुळ अवघे ०.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि सर्वांत बाहेरचे, एक गुणाचे वर्तुळही ४५.५ मिलिमीटरच असते. ४.५ मिलिमीटर व्यासाचे छर्रे दिवसेंदिवस त्याच नाण्याएवढ्या जागेवर येत राहतात. नेम जसजसा सुधारत जातो, तसतसा सापळा एकाच ठिकाणी झिजत जातो, आणि चिंध्यांना हे सोसत नाही.

पण मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. चिंध्या झटकल्या तेव्हा राखाडी धूळ उडाली. ती शिशाची होती. ज्या मार्गिकेतून घरातली माणसे अनवाणी ये-जा करतात, तिथे ती गेले दोन महिने थोडी थोडी पडत होती. छर्रा अडवणे म्हणजे सापळ्याचे निम्मेच काम, हे तेव्हा लक्षात आले. अडवलेले सगळे शिसे एकाच ठिकाणी जमा होऊन मोजून परत मिळाले, तरच त्याला सापळा म्हणता येईल. म्हणून नव्या सापळ्याची कसोटी आजच ठरवून ठेवतो : आत गेलेले शिसे आणि बाहेर काढलेले शिसे यांचे वजन जुळले पाहिजे.

मार्गिका दोनदा ओल्या फडक्याने पुसली, फडकी पिशवीत बांधून वेगळी ठेवली. सापळा होईपर्यंत घरात सराव बंद.

७ जानेवारी

आज कागदावर हिशेब केला. आमचे छर्रे सपाट तोंडाचे, शिशाचे, प्रत्येकी सुमारे ०.५३ ग्रॅमचे आहेत आणि स्पर्धेच्या रायफलमधून ते सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने निघतात. म्हणजे प्रत्येकाची ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल. तुलनेसाठी पॉइंट टू-टू रायफलच्या गोळीचा आकडाही लिहून ठेवतो : २.६ ग्रॅमची ती गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने जाते आणि तिची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे आमच्या छर्ऱ्याच्या सतरा पटींहून अधिक. त्यामुळे हा सापळा फक्त स्पर्धेच्या ताकदीच्या एअर रायफलसाठी आणि एअर पिस्तुलासाठी आहे. बंदुकीच्या कोणत्याही काडतुसासाठी त्याचा उपयोग करायचा नाही, ‘एकदाच पाहू’ म्हणूनही नाही. हे वाक्य पेटीच्या दर्शनी बाजूवर रंगाने लिहायचे आहे.

छर्रा अडवण्याच्या साधनांचाही विचार झाला. वाळू स्वस्त आणि खात्रीची, पण तिची स्वतःचीच बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते आणि तिच्यातून शिसे चाळून काढताना दोन्ही धुळी एकत्र उडतात. विजेच्या नळ्यांची तोंडे बुजवण्यासाठी जे न सुकणारे लुकण वापरतात ते फार शांत असते, छर्रा त्यात रुतून बसतो. मात्र थर भरला की शिसे हाताने उकरून काढावे लागते आणि उशीर केला तर नवा छर्रा जुन्यावर आदळून उलटा येऊ शकतो. रबराच्या तुकड्यांतही शिसे मिसळून जाते. म्हणून मी तिरप्या पोलादी पत्र्याकडे वळलो, कारण त्यावर काहीही साठत नाही, सगळे घसरून खाली जाते.

पत्रा छर्ऱ्याच्या वाटेला काटकोनात उभा केला तर छर्रा फुटून त्याचे शिंतोडे पत्र्याला समांतर असे चहूबाजूंना उडतात आणि काही भाग सरळ मागे, नेमबाजाच्या दिशेनेही येतो. पत्रा तिरपा केला की आघाताचा लंब घटक, म्हणजे पत्र्यावर काटकोनात बसणारा भाग, कमी होतो. छर्ऱ्याची वाट आणि पत्रा यांच्यामध्ये ४५ अंशांचा कोन असेल तर लंब दिशेतली ऊर्जा निम्मी राहते, ३० अंशांचा असेल तर चौथाईच, म्हणजे आमच्या बाबतीत २ ज्यूल. मात्र कोन लहान करण्याची किंमत पेटीच्या लांबीत मोजावी लागते : २५० मिलिमीटर उंचीचे तोंड झाकायला ४५ अंशांत ३५४ मिलिमीटर पत्रा आणि २५० मिलिमीटर खोली पुरते, तर ३० अंशांत ५०० मिलिमीटर पत्रा आणि ४३३ मिलिमीटर खोली लागते. मार्गिकेत तेवढी जागा आहे, म्हणून ३० अंश ठरवले. पत्र्याची वरची कड पुढे, खालची कड मागे. छर्रा छताखाली शिरल्यासारखा आत येईल आणि मागे-खाली वळेल.

११ जानेवारी

सामान आणले. मुख्य पत्रा साध्या पोलादाचा, ४ मिलिमीटर जाड, ५२० बाय २६० मिलिमीटरचा. त्याचे वजन सव्वाचार किलोच्या आसपास भरते. याहून पातळ पत्रा ८ ज्यूलला पुरला असता, हे मला ठाऊक आहे. पण एकाच जागी हजारो मार खाऊनही ज्याला पोचा पडणार नाही असा पत्रा मला हवा होता. पोचा पडला की तिथला कोन बदलतो, आणि कोन बदलला की शिंतोडे कोणत्या दिशेला उडतील हे सांगता येत नाही. सांगाडा २५ मिलिमीटरच्या अँगलचा, बाजू १८ मिलिमीटर प्लायवूडच्या, त्यांना आतून १ मिलिमीटर पत्र्याचे अस्तर. तळ सध्या प्लायवूडचाच ठेवला आहे.

पत्र्याच्या कापलेल्या कडा कानसीने गुळगुळीत केल्या. या कामाला दुपार गेली, पण हात कापण्याचा धोका टळला.

१२ जानेवारी

वेल्डिंगचे काम झाले आणि एक चूक माझ्या हातून झाली. पत्रा सांगाड्याला धरून ठेवण्यासाठी चार टाके मारले, त्यांतले दोन मार खाणाऱ्या बाजूने मारले. वेल्डिंगचा उंचवटा मसुराएवढा असला तरी छर्ऱ्याच्या दृष्टीने तो एक छोटा काटकोनी पत्राच असतो. त्यावर आदळलेला छर्रा कुठेही जाऊ शकतो. हीच गोष्ट बोल्टच्या डोक्याची. दोन्ही टाके ग्राइंडरने काढून पत्रा सपाट केला आणि नवे टाके मागच्या बाजूने मारले. आता मार खाणाऱ्या बाजूवर हात फिरवला तर कुठेही अडखळत नाही. कोनमापकाने कोन तपासला तेव्हा डावीकडे ३० आणि उजवीकडे ३१ अंश भरला. एवढा फरक राहू दिला.

१८ जानेवारी

पहिली चाचणी. घरातले सगळे बाहेर गेल्यावर, दार आतून बंद करून, पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावून मीच २० छर्रे मारले. त्याआधी एक साधी युक्ती केली होती, जिचा पुढे फार उपयोग झाला : पेटीच्या आतल्या सर्व बाजूंना, छताच्या पुढच्या ओठाला आणि तोंडावरच्या पुठ्ठ्याच्या मागच्या अंगालाही पांढरा कागद चिकटवला. शिशाचा शिंतोडा जिथे लागेल तिथे कागदावर करडा ठिपका उमटतो, त्यामुळे पेटीच्या आत काय घडले ते डोळ्यांनी वाचता येते.

कागदाने तीन गोष्टी सांगितल्या. बहुतेक छर्रे चपटे होऊन पत्र्यावरून मागे घसरले होते. मागच्या भिंतीवर खाली दाट ठिपके होते. तळाच्या प्लायवूडवर, मागच्या तिसऱ्या भागात, नखाने ओरखडल्यासारख्या खाचा होत्या. आणि तिसरी गोष्ट अनपेक्षित होती : पत्र्याच्या वरच्या कडेजवळ, छताच्या ओठाच्या आतल्या बाजूला, बारीक ठिपक्यांची रांग उमटली होती. म्हणजे शिंतोड्यांचा थोडा भाग पत्र्यावरून उलटा, वर आणि पुढेही सरकतो. कोन लहान असल्यामुळे तो फार थोडा आहे, पण शून्य नाही. तोंडावर पुठ्ठा नसता तर हे कण मार्गिकेत पडले असते आणि कुणाच्याही लक्षात आले नसते.

१९ जानेवारी

आज वजनाचा पहिला हिशेब केला. १०० छर्रे ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवले, ५३.२ ग्रॅम भरले. सगळे मारून झाल्यावर पेटीतले शिसे हातमोजे घालून गोळा केले, त्यातले कागदाचे तुकडे चिमट्याने वेचून काढले आणि पुन्हा तोलले : ४५.९ ग्रॅम. ७.३ ग्रॅम शिसे बेपत्ता.

जवळजवळ चौदा छर्ऱ्यांएवढे शिसे घरात कुठेतरी आहे, या विचाराने मी दुपारभर शोधत राहिलो. चार चपटे छर्रे पेटीच्या पुढे, जमिनीवरच सापडले. ते मागच्या भिंतीवर आदळून परत फिरले असणार आणि तोंडाच्या खालच्या फटीतून बाहेर घरंगळले असणार. काही तळाच्या प्लायवूडमध्ये रुतले होते, ते स्क्रू-ड्रायव्हरने काढले. बाकीचे बारीक कण बाजूच्या पत्र्यांच्या सांध्यांत अडकले होते. एवढे करूनही १.८ ग्रॅमचा पत्ता लागला नाही.

यावरून माझी मूळ चूक कळली. कोन ३० अंशांचा ठेवल्यामुळे आघात सौम्य झाला खरा, पण त्यामुळेच छर्ऱ्याजवळ बराच वेग शिल्लक राहतो आणि तो मागे नेऊन सोडला जातो. मी पत्र्याचा विचार केला, पत्र्यानंतरच्या वाटेचा केला नाही.

२५ जानेवारी

सगळा आठवडा याच दुरुस्तीत गेला, आणि आता वाटते की सापळा खऱ्या अर्थाने या आठवड्यात तयार झाला.

प्लायवूडचा तळ काढून ३ मिलिमीटर पत्र्याचा केला आणि तो मागच्या बाजूला किंचित उतरता ठेवला. तळ आणि मागची भिंत यांच्यामध्ये ६० मिलिमीटर रुंदीची आडवी खाच सोडली. खाचेखाली पत्र्याचा खोल खण बसवला. तो मागून ओढून काढता येतो. खाचेच्या वर, मागच्या भिंतीपासून चार बोटे पुढे, ८ मिलिमीटर जाडीच्या रबराच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून टांगल्या. टांगलेली पट्टी मार बसताच मागे झुलते आणि त्या झुलण्यात छर्ऱ्याचा उरलेला वेग संपतो; तीच पट्टी भिंतीला चिकटवली असती तर छर्रा उसळून परत आला असता. पट्ट्यांना लागून तो सरळ खाली खाचेत पडतो.

वरच्या ओठाला आतून वळवलेली पत्र्याची पट्टी लावली, म्हणजे उलटे येणारे शिंतोडे तिच्यात अडून खाली पडतील. तोंडाच्या खालच्या कडेला ४० मिलिमीटर उंचीचा बांध घातला. बाजूच्या सगळ्या सांध्यांत सिलिकॉन भरले. पुढे लक्ष्याचा कागद धरणाऱ्या चौकटीमागे जाड पुठ्ठा सरकवण्याची खोबण केली. हा पुठ्ठा दर बैठकीला बदलायचा.

१ फेब्रुवारी

आवाजाचे काम. छर्रा पत्र्यावर आदळला की थाळी वाजवल्यासारखा घणघणाट होत होता. पत्र्याच्या मागच्या, मार न खाणाऱ्या बाजूला जुन्या सतरंजीचे दोन थर आणि त्यावर रबराचा तुकडा चिकटवला, सांगाड्याखाली रबराचे पाय बसवले. घणघणाट जाऊन ठोका राहिला. मुलगी म्हणाली, “बाबा, आता मला ट्रिगरचा आवाज ऐकू येतो.” तिला तोच ऐकू यायला हवा.

२ फेब्रुवारी

मागचा फळा उभा केला. याची गरज सापळ्याच्या तोंडाचे माप आणि अंतर यांचा साधा हिशेब केला की पटते. दहा मीटर अंतरावर नळी एका अंशाने चुकली तर छर्रा १७.५ सेंटिमीटर बाजूला जातो. सापळ्याचे तोंड २५ सेंटिमीटरचे, म्हणजे मध्यापासून १२.५ सेंटिमीटर, पाऊण अंशापेक्षा थोडी कमी चूकही छर्ऱ्याला तोंडाबाहेर नेते. रायफल खांद्याला लावून नेम धरलेला असताना एवढी चूक क्वचितच होते, पण थकलेल्या हाताने रायफल उचलताना ट्रिगरला बोट लागले तर सहज होऊ शकते. म्हणून सापळ्याभोवती १.२ मीटर बाय १.२ मीटरचा, १८ मिलिमीटर प्लायवूडचा फळा, त्यावर जुना गालिचा, अशी योजना केली. त्यामुळे सुमारे साडेतीन अंशांपर्यंतची चूक झेलली जाते. त्यापलीकडची जबाबदारी फळ्याची नाही, नळी सदैव लक्ष्याकडे ठेवण्याच्या शिस्तीची आहे. मार्गिकेत बाजूने उघडणारे एकमेव दार सरावाच्या वेळी आतून कडी लावून बंद ठेवायचे, हेही आज सगळ्यांशी बोलून ठरवले.

सापळा स्टँडवर चढवला. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर आला पाहिजे. ओळंबा सोडून आणि पट्टीने मोजून तो बसवला. वजन वर असल्यामुळे स्टँडच्या पायांवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या. दिवा कागदाच्या पुढे, वरच्या बाजूला आणि पत्र्याच्या आडोशामागे लावला आहे, म्हणजे तो छर्ऱ्याच्या वाटेतही येत नाही आणि नेमबाजाच्या डोळ्यांवरही येत नाही.

८ फेब्रुवारी

दुसरा हिशेब. १०० छर्रे, ५३.१ ग्रॅम. मारून झाल्यावर खणात जे होते ते तोलले, तर ५३.९ ग्रॅम भरले. आत गेले त्यापेक्षा अधिक बाहेर आले, हे अशक्य होते. खणातला माल पांढऱ्या कागदावर पसरून पाहिला तेव्हा उलगडा झाला : लक्ष्याच्या आणि पुठ्ठ्याच्या गोल चकत्या छर्ऱ्यांबरोबर आत आल्या होत्या, आणि तळाच्या नव्या पत्र्यावरची काळी खपलीही मारामुळे सुटून खाली पडली होती. चकत्या वेचल्या. खपलीसाठी चुंबक पातळ पिशवीत गुंडाळून वरून फिरवला. शिसे चुंबकाला चिकटत नाही, लोखंडाची खपली चिकटते. उरलेले शिसे ५२.२ ग्रॅम. ओल्या फडक्याने पत्रा आणि तळ पुसून फडके वाळल्यावर तोलले, तर त्यात आणखी ०.५ ग्रॅम निघाले. म्हणजे ०.४ ग्रॅमची तूट. पहिल्या वेळी ७.३ होती.

पेटीच्या पुढच्या जमिनीवर पसरलेला पांढरा कागद जवळून, विजेरी तिरपी धरून तपासला. त्यावर एकही ठिपका नव्हता.

१५ फेब्रुवारी

आता सफाईचे नियम लिहून भिंतीवर लावले. एअर रायफलमध्ये दारू नसते आणि काडतुसाच्या टोपीतले शिशाचे संयुगही नसते, त्यामुळे बंदुकीच्या बंदिस्त रेंजवर हवेत जो शिशाचा धूर मिसळतो तो इथे होत नाही. पण छर्रा फुटतो तिथे धूळ होतेच आणि छर्रे भरताना बोटांना शिसे लागतेच. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची एकही सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भपातळी दर डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, ती याच कारणाने.

म्हणून मार्गिकेत कोरडा झाडू मारायचा नाही, साधा व्हॅक्यूम क्लीनरही लावायचा नाही, कारण त्याच्या जाळीतून बारीक धूळ पुन्हा हवेत येते. ओल्या फडक्याने पुसायचे आणि ते फडके घरच्या कपड्यांत मिसळायचे नाही. सरावाच्या वेळी खायचे-प्यायचे नाही आणि छर्रा ओठांत धरायचा नाही. ही सवय मी चांगल्या नेमबाजांमध्येही पाहिली आहे आणि ती मला अत्यंत चुकीची वाटते. संपल्यावर आधी हात साबणाने धुवायचे, मग चेहरा. खण मी रिकामा करणार, हातमोजे आणि मुखपट्टी लावून. शिसे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, वर नाव लिहून, आणि डबा भरला की धातू परत घेणाऱ्याकडे. कचऱ्यात नाही.

आणखी एक नियम : या सापळ्यात पोलादी गोल छर्रे कधीही मारायचे नाहीत. शिसे मऊ असते, आदळताना चपटे होऊन आपला वेग गमावते. पोलाद पोलादावर आदळले तर तसेच्या तसे उसळून परत येते.

२२ फेब्रुवारी

मुलीने आज नव्या सापळ्यावर पहिली पूर्ण बैठक केली : स्पर्धेतल्याप्रमाणे ६० छर्रे. आधी तिने स्वतःच दाराची कडी तपासली, पुठ्ठा बदलला आणि फळ्यासमोर उभी राहून पत्र्यावर विजेरी टाकून पाहिली. तिला मी हे सांगितले नव्हते. पाऊण तास मी तिच्या मागे बसून होतो आणि ठोक्यांखेरीज काहीही ऐकू आले नाही.

नंतर पत्रा पाहिला. मध्यावर नाण्याएवढा गुळगुळीत, चकचकीत करडा डाग पडला आहे. पट्टी आडवी लावली तर तिच्याखालून प्रकाश येत नाही, म्हणजे पोचा नाही. रबराची मधली पट्टी मात्र खालच्या टोकाला चिरू लागली आहे. ती कडेच्या पट्टीबरोबर बदलून घेतली आणि जास्तीच्या दोन पट्ट्या कापून ठेवल्या. पुढची तपासणी १,००० छर्रे झाल्यावर करायची, तेव्हा खणात अर्धा किलोच्या थोडे वर शिसे साठलेले असेल.

आत : ३१.९ ग्रॅम. खणात, चकत्या आणि खपली काढून : ३१.४ ग्रॅम. फडक्यात : ०.३ ग्रॅम. तूट : ०.२ ग्रॅम. वहीत आकडे तिने लिहिले.